कुणीही थांबायचं नाही

"दोन गावांमध्ये साठ किलोमीटरचं अंतर आहे. एका गावाहून एक माणूस पायी निघाला, ताशी चार. दुसऱ्या गावाहून दुसरा सायकलवरून निघाला, ताशी अकरा. दोघं एकमेकांच्या दिशेने. किती वेळाने भेटतील?"

वन्संनी चष्मा कपाळावर सरकवला आणि समोर पाहिलं. खुर्ची रिकामी होती. ताई गॅस बंद करायला उठली होती, आणि गॅस तर मघाशीच बंद केलेला होता.

"अगं, बस ना जरा. पायाला काय भिंगरी लागलीय?"

ताई येऊन बसली. पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं.

ती अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होती. अठरा वर्षं कानाला हेडफोन आणि समोर नकाशा. ड्रायव्हर, नर्स, डॉक्टर, सगळे तिला ताईच म्हणत. तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. शिफ्ट इन्चार्ज व्हायचं तर खात्याची परीक्षा पास व्हावी लागे आणि त्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा गणितात, दोन्ही वेळा काळ-काम-वेगाच्या प्रश्नांत. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेला मुलगा आता तिच्या शिफ्टचा इन्चार्ज होता. तिसरी परीक्षा नऊ दिवसांवर आली होती.

वन्सं म्हणजे तिची थोरली नणंद. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आणि निवृत्तीनंतर शिकवायला कुणी नाही म्हणून चिडचिड्या झालेल्या. भावाच्या घरी राहायला आल्यापासून दोघींचं फारसं पटत नसे. पण वहिनी गणितात नापास होते म्हटल्यावर त्यांच्यात नवा जीव आला. रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. ताईचा नवरा त्या वेळात मुद्दाम फिरायला जाई.

"दर तासाला पायी माणूस चार जवळ आणतो, सायकलवाला अकरा," वन्सं म्हणाल्या. "मिळून पंधरा. साठ भागिले पंधरा. चार तास. यात अवघड काय आहे?"

"ते भेटल्यावर काय करतात?"

"काय करतात म्हणजे?"

"नाही, म्हणजे एकाला दुसऱ्याकडे काही द्यायचं असेल. त्याशिवाय साठ किलोमीटर कोण चालतं?"

वन्संनी हात टेकले. "ते प्रश्नात विचारलेलं नाही. माणसं बघू नकोस. दोघांमधलं अंतर बघ. ते कमी होतंय, एवढंच बघ."

ताईने मान हलवली, पण तिचे डोळे वहीवर नव्हते. असं नेहमी व्हायचं. प्रश्न वाचला की तिचे हात काहीतरी आवरायला शोधत. मिठाचा डबा सरळ कर, टेबलावरचा चुरा पूस. वन्संना वाटे, बाईचं लक्ष नाही. लक्ष होतं. तेच तर दुखणं होतं.

दोन वर्षांपूर्वी धरणाच्या रस्त्यावर एक प्रकार घडला होता. गवत कापताना एका बाईला साप चावला. गावातल्या छोट्या दवाखान्यात औषध नव्हतं. तिथून जुनी गाडी बाईला घेऊन निघाली आणि शहरातून दुसरी गाडी औषध घेऊन निघाली. अंतर नव्वद. जुनी गाडी तीसच्या वर पळत नव्हती, शहरातली साठने. ताईने नेहमीच्या सवयीने सांगितलं, "अर्ध्या वाटेवर भेटा. पेट्रोल पंपापाशी." शहरातल्या गाडीवर होता तो ड्रायव्हर ज्याला सगळे 'विमान' म्हणत. तो पाऊण तासात पंपावर पोचला. तिथून त्याने फोन केला, "ताई, येऊ का पुढे?" आणि ताई म्हणाली, "नको, थांब तिथेच. उगाच चुकामूक होईल."

तो पाऊण तास थांबला. बाई जगली, पण गुडघ्याखाली पाय कापावा लागला. चौकशी झाली. नियम पाळला होता, ठरलेल्या जागी हस्तांतर झालं होतं, कुणाचीच चूक निघाली नाही.

मग पहिल्यांदा परीक्षेचं पुस्तक हातात आलं. तिसऱ्या पानावर अगदी असलाच प्रश्न होता. ताईने सहज म्हणून पुस्तकातले आकडे खोडले आणि स्वतःचे घातले. तीस आणि साठ, नव्वद. नव्वद भागिले नव्वद. एक तास. विमान थांबला नसता तर गाड्या एका तासात भेटल्या असत्या. तिच्या सांगण्याने त्या दीड तासाने भेटल्या. मधला अर्धा तास कुणीच मोजला नव्हता. तिने मोजला, आणि कुणालाही सांगितला नाही. त्या दिवसापासून तिला असले प्रश्न सुटेनासे झाले.

परीक्षेला सात दिवस उरले असताना, सकाळी दहा चाळीसला, डोंगरावरच्या आरोग्य केंद्रातून फोन आला. नर्स बोलत होती, घाईघाईने पण स्पष्ट. पहाटे बाळंतपण झालेलं, बाळ ठीक, बाईचा रक्तस्राव थांबत नाही. रक्त हवं, आणि गट क्वचित मिळणारा. केंद्रावर डॉक्टर रजेवर. गाडी आहे, काका आहेत.

काका म्हणजे तिथला म्हातारा ड्रायव्हर, निवृत्तीला एक वर्ष राहिलेला.

ताईने दुसऱ्या कानाला रक्तपेढी लावली. रक्त होतं. तपासून, पेटीत भरून द्यायला अर्धा तास लागेल म्हणाले. विमान गाडीसकट पेढीच्या दारात उभा राहिला, सोबत एक डॉक्टर. काकांनी बाईला गाडीत घेतलं आणि दहा पन्नासला केंद्र सोडलं.

इन्चार्ज तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "शहाण्णव किलोमीटर. अठ्ठेचाळीसवर पूल आहे. पुलापाशी हस्तांतर. दोघांनाही कळवा, पुढे फोन लागत नाही."

ते खरं होतं. मधल्या पट्ट्यात मोबाइलला रेंज नव्हती. जे काही ठरवायचं ते पुढच्या पाऊण तासात.

ताईने हो म्हणायला तोंड उघडलं, पण आधी धरणाच्या रस्त्यावरचा पंप आठवला. ती उठून उभी राहिली. हेडफोनची वायर ताणली गेली.

"काका किती वेगाने येतील?"

"मला काय माहीत? येतील आपले."

तिने काकांना फोन लावला. "काका, काटा किती दाखवतोय?"

"चोवीस-पंचवीस, ताई. त्याच्या वर नेलं की मागून नर्स ओरडते. रस्ता म्हणजे नुसती चाळण आहे. सपाटीला लागलो तरी हिला घेऊन याच चालीने येणार मी."

तिने समोरचा फोन-नोंदीचा कागद उलटा केला. मागे आकडे मांडायला घेतले. काका आधी निघालेत, अर्धा तास. म्हणजे बारा किलोमीटर त्यांनी एकट्याने काटलेले. शहाण्णवातून बारा गेले, चौऱ्याऐंशी. विमान साठ, काका चोवीस. मिळून चौऱ्याऐंशी. एक तास. शहरापासून साठाव्या किलोमीटरवर, बारा वाजून वीस मिनिटांनी.

मग तिने पुलाचा हिशोब केला. काकांना पुलापर्यंत यायला दोन तास. बारा पन्नास. विमान बारा वाजून आठ मिनिटांनी पोचणार आणि बेचाळीस मिनिटं तिथे उभा राहणार, रक्ताची पेटी मांडीवर घेऊन.

बारा वीस आणि बारा पन्नास. पुन्हा अर्धा तास. तोच.

"पुलापाशी नाही," ती म्हणाली. "कुणीही थांबायचं नाही. दोघांनी समोरची गाडी दिसेपर्यंत चालत राहायचं."

"ताई, नियम आहे. हस्तांतराची जागा ठरवूनच द्यायची. आणि तो नियम उगाच केलेला नाही," इन्चार्ज म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, आणि मूर्ख तर मुळीच नव्हता. "पुलाच्या पुढे पन्नासाव्या किलोमीटरला रस्ता फुटतो. एक खाणीवरून जातो, एक नदीकाठाने. पासष्टला पुन्हा एक होतात. एक इकडून गेला, दुसरा तिकडून आला, तर एकमेकांच्या शेजारून निघून जातील. पत्ताही लागणार नाही. म्हणून पूल."

ताईचा हात कागदावरच थबकला. साठ. पन्नास आणि पासष्टच्या बरोब्बर मध्ये. गाड्या भेटणार होत्या ती जागा नेमकी त्या दोन रस्त्यांवर होती.

"काका," ती फोनमध्ये म्हणाली, "खाणीवरून येणार की नदीकाठाने?"

"नदीकाठाने. खाणीवरून आणली तर ही पोचायचीच नाही."

"नक्की?"

"ताई, पोरीसारखी आहे मागे. नक्की."

"दिवे चालू ठेवा, भोंगा चालू ठेवा. पुलाची वाट बघू नका. विमान समोरून दिसेपर्यंत थांबायचं नाही."

तिने विमानला फोन लावला. तो पेढीच्या पायऱ्यांवर होता. "तू कुठून जाणार?"

"खाणीवरून. चार किलोमीटर वाचतात."

"नाही. नदीकाठाने. काका नदीकाठाने येतायत. काहीही झालं, समोर कितीही मोकळा रस्ता दिसला, तरी नदीकाठाने. म्हणून दाखव."

"नदीकाठाने," विमान म्हणाला. "आणि या वेळी थांबायचं नाही ना, ताई?"

म्हणजे त्यालाही आठवत होतं. दोन वर्षं रोज बोलणं होत होतं दोघांचं, आणि त्याने एकदाही तो विषय काढला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "थांबायचं नाही."

इन्चार्जने दोन्ही हात वर केले. "हे मला लिहावं लागेल. जबाबदारी तुमची."

"लिहा."

पेढीने अर्ध्या तासाऐवजी चाळीस मिनिटं घेतली. विमान साडेअकराला निघाला. काका तोवर रेंजच्या बाहेर गेले होते. त्यांना काही कळवायची सोय नव्हती, पण कळवायची गरजही नव्हती. ताईने पुन्हा मांडलं. चाळीस मिनिटांत काका सोळा. उरले ऐंशी. ऐंशी भागिले चौऱ्याऐंशी, सत्तावन्न मिनिटं. बारा सत्तावीस. आणि विमान रेंजमध्ये परत येणार, एकच्या आत.

मग करायला काही उरलं नाही.

बाकीचे फोन चालूच होते. बाथरूममध्ये घसरून पडलेले आजोबा. शाळेच्या जिन्यात चक्कर आलेली शिक्षिका. एक माणूस, ज्याला फक्त बायकोच्या वॉर्डचा नंबर हवा होता. ताई उत्तरं देत होती, गाड्या पाठवत होती, आणि उभीच होती. वायर पुरेल तेवढं दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. शेजारच्या ऑपरेटरने पाण्याचा ग्लास ठेवला. तो तिने तीनदा उचलला आणि तीनदा तसाच खाली ठेवला. बारा सत्तावीस झाले. तिने डोळे मिटले. आत्ता. आत्ता दिसले असतील. नाहीतर काकांना शेवटच्या क्षणी कुणीतरी सांगितलं असेल, की नदीकाठाला झाड पडलंय, खाणीवरून जा. हे तिने विचारलंच नव्हतं. नदीकाठचा रस्ता चालू आहे का, हे कुणालाच विचारलं नव्हतं.

एक वाजला. फोन नाही.

एक पाच. इन्चार्ज आपल्या टेबलावरून तिच्याकडे बघत होता. बोलला असता तर बरं झालं असतं.

एक बाराला विमानचा नंबर चमकला.

"भेटलो, ताई. सत्तावन्नाव्या दगडापाशी. अगदी वळणावर."

"उशीर का?"

"डॉक्टरांनी पहिली पिशवी अर्धी जाईपर्यंत गाडी हलवू दिली नाही. बाई आमच्या गाडीत आहे. शुद्धीवर आहे, पाणी मागतेय. देत नाहीयेत, तर शिव्या घालतेय." मागून कुणीतरी काहीतरी म्हणालं. "डॉक्टर म्हणतायत, अजून वीस मिनिटं गेली असती तर रक्त देऊन उपयोग नव्हता."

ताईने हेडफोन काढला, बाहेरच्या जिन्यात गेली आणि तिथल्या लोखंडी कठड्याला धरून उभी राहिली. रडू आलं नाही. मग आत येऊन तिने पुढचा फोन घेतला.

संध्याकाळी तिने वन्संना सगळं सांगितलं. आजचं आधी, मग धरणाच्या रस्त्याचं. सांगून झाल्यावर ती वाट बघत राहिली, की आता वन्सं म्हणतील, जाऊ दे गं, तुझी काय चूक, नियमच तसा होता.

वन्संनी वही ओढली. नव्वद लिहिलं, तीस लिहिलं, साठ लिहिलं. एकदा केलं, मग खाली रेघ मारून दुसऱ्या रीतीने केलं.

"अर्धा तास," त्या म्हणाल्या. "तुझं गणित बरोबर आहे."

"मला माहितीय."

"दोन वर्षं हे घेऊन बसली होतीस? आणि मी तुला ढ समजत होते." त्यांनी चष्मा काढून वहीवर ठेवला. चौतीस वर्षांत त्यांनी हे उदाहरण शेकडो मुलांना शिकवलं असेल. "कुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच."

"मला सांगून काय उपयोग? ज्यांना कळायला हवं त्यांना लिही. नियम बदलायला हवा तो."

इन्चार्जने तिच्याकडून लेखी खुलासा मागवला होताच. ताईने दोन पानं लिहिली. पहिल्या पानावर आजचं, दुसऱ्यावर धरणाच्या रस्त्याचं, आकड्यांसकट. इन्चार्जने दुसरं पान वाचलं आणि दार लावून घेतलं.

"ताई, हे कुणी विचारलेलं नाही. चौकशी बंद झालीय. हे पान मागे घ्या. मी पाहिलंच नाही असं समजतो."

"पाठवा," ती म्हणाली. "पुलाचा नियम तुम्हीच मला समजावलात ना? मग तो कुठे चुकतो तेही वर कळू दे."

त्याने पाठवलं. सोबत स्वतःचे चार शब्दही जोडले, ताईने वेळेवर दोन्ही गाड्यांचे रस्ते ठरवले म्हणून. हे तिला बऱ्याच दिवसांनी कळलं.

परीक्षेत तसलाच प्रश्न आला, पंधरा गुणांचा. दोन बोटी होत्या, एक उशिरा निघालेली. तिने तो सोडवला, बाकीचे जेमतेम सोडवले, आणि काठावर पास झाली. तीन महिन्यांनी वरून दोन कागद आले. एकात हस्तांतराचा नवा नियम होता: जागा नव्हे, रस्ता ठरवून द्यावा, दोन्ही वाहनांनी चालत राहावे. दुसरा तिच्या नावाचा होता, एका ओळीचा: 'भविष्यात दक्षता घ्यावी.' तो तिने चार-पाचदा उलटसुलट करून पाहिला. तिला याहून जास्त काहीतरी हवं होतं. शिक्षा म्हणा, नाहीतर आणखी काही. ते कुणी देत नव्हतं.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ती बसने धरणाच्या रस्त्याला लागली आणि विचारत विचारत त्या बाईच्या घरी गेली.

बाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. चाळिशीची, रापलेली, बारीक डोळ्यांची. एक पाय लांब केलेला, आणि लाकडी पाय काढून शेजारी ठेवलेला. ताईने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मी फोनवर होते. मी गाडीला थांब म्हणाले. औषध तुमच्यापर्यंत अर्धा तास आधी पोचलं असतं.

बाईच्या बोटांतली शेंग तशीच राहिली.

"मग पाय राहिला असता?"

"डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही."

"सांगता येत नाही," बाई म्हणाली. तिने शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "चावला तेव्हा मला वाटलं काटा असेल. उरलेलं गवत कापलं, भारा बांधला, घरी आले. दोन तास गेले असतील. सासूला सांगितलं तेव्हा पाय सुजलेला. ते दोन तास माझे." तिने मान वर केली. "म्हणून तुमचा अर्धा तास कमी होत नाही."

"नाही होत," ताई म्हणाली.

"इतक्या दिवसांनी का आलात?"

उत्तराची वाट न बघता बाईने सूप बाजूला ठेवलं आणि लाकडी पाय उचलून तिच्यासमोर धरला.

"हे घासतं इथं आत. रक्त येतं. तालुक्याला दोनदा गेले, म्हणतात शहरात जा. शहरात कुणाकडे जायचं ते कुणी सांगत नाही. तुम्ही फोनवर असता ना?"

ताईने फोन काढला. अशा कामाला कुठला विभाग, कुठल्या मजल्यावर, कुणाशी बोलायचं, हे तिला तोंडपाठ होतं. पहिला नंबर व्यस्त लागला. दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाठवलं. ती अंगणभर फेऱ्या मारत बोलत राहिली, कधी गोड, कधी चढ्या आवाजात, आणि बाई शेंगा फोडता फोडता तिच्याकडे बघत राहिली. तासाभराने तारीख मिळाली.

"गुरुवारी अकरा वाजता. मी गाडी पाठवते."

"गाडी नको," बाई म्हणाली. "सकाळची बस आहे. मी येईन बसने. तुम्ही दारात भेटा, मला आतले जिने माहीत नाहीत."